चाकोरींतील मोटार

नागपूरहून पूर्वेस निघणारा ग्रेट ईस्टर्न रोड मौद्यापाशीं कन्हान ओलांडतो, भंडाऱ्यास वैनगंगेच्या कांठीं येतो, आणि पुढें साकोली, देवरी हीं गांवें घेत रायपूरच्या वाटेस लागतो. नांव जितकें भारदस्त तितका हा रस्ता पूर्वीं भारदस्त नव्हता. मुरमाच्या पट्टीच्या दोहों बाजूंस भाताच्या बांध्या, मधून मधून मालगुजारी तलावांचे सांडवे, आणि बंड्यांच्या लोखंडी धांवांनीं पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या. पावसाळ्यांत त्यांत पाणी सांचे. उन्हाळ्यांत त्यांच्या कडा दगडासारख्या टणक होत. बंडी एकदां चाकोरींत शिरली कीं बैलांनीं मान न वळवितां पुढचें गांव गांठावें, अशी त्या वाटेची शिस्त होती.

आगगाडीनें भंडाऱ्यावर कृपा केली, पण अर्धी. १८८० नंतरच्या दशकांत नागपूरहून छत्तीसगडाकडे लोहमार्ग गेला, तो शहराला बाजूस ठेवून. भंडारा रोड नांवाचें स्टेशन वरठीस झालें आणि जिल्ह्याचें मुख्य शहर तेथून सुमारें दहा किलोमीटरांवर राहिलें. तुमसर ही तांदळाची मोठी पेठ, भोंवतालीं मँगनीजच्या खाणी. परंतु तुमसर रोड हें स्टेशन देव्हाडीस. स्टेशनाच्या नांवांत ‘रोड’ हा शब्द दिसला कीं प्रवाशानें समजावें, अजून वाट चालावयाची आहे. ही उरलेली वाट बंडी, रेंगी आणि दमणी यांच्या स्वाधीन होती.

याच उरलेल्या वाटेवर पुढें मोटार आली. पहिल्या महायुद्धानंतरच्या दहा वर्षांत हिंदुस्थानांत ज्या मोटारी उतरल्या त्यांत अमेरिका व कॅनडा या देशांच्या गाड्यांचा भरणा अधिक होता, आणि त्यांतही ‘टूरिंग’ नांवाच्या जातीचा. टूरिंग म्हणजे उघडी मोटार. पुढें एक बांक व मागें एक बांक, मिळून पांच माणसांची सोय. वर दुमडतां येणारा कापडी टप. बाजूंस कांचा नाहींत, पाऊस आला तर बटणांनीं अडकविण्याचे पडदे. भिंती व छप्पर यांचें वजन नसल्यामुळें गाडी हलकी व स्वस्त, आणि मध्यप्रांताच्या उन्हाळ्यांत वारा खेळण्यास मोकळी. धूळ मात्र पांचही प्रवाशांनीं सारखी वांटून घ्यावी लागे.

राज्य इंग्रजांचें असतां रस्त्यावर गाड्या अमेरिकनांच्या कां, हा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल. त्याचें उत्तर मोटारीच्या कारखान्यांत शोधण्याआधीं रस्त्यांत शोधावें. इंग्लंडमधील मोटार बांधून काढलेल्या, बऱ्या स्थितींतील रस्त्यांसाठीं घडविलेली असे. शिवाय तेथें १९२१ पासून मोटारीवर अश्वशक्तीमागें एक पौंड कर बसला, आणि ही ‘अश्वशक्ती’ इंजिनाच्या खऱ्या ताकदीवरून नव्हे, तर सिलिंडरच्या व्यासावरून मोजीत. कर वाचविण्यासाठीं कारखानदारांनीं सिलिंडर अरुंद केले, इंजिनें लहान केलीं. आणि करासाठीं घडलेलें तें यंत्र चिखलांत रुतलें म्हणजे त्याचा दम लवकर संपे. अमेरिकेंत स्थिति उलट होती. १९०४ सालीं त्या देशांतील ग्रामीण रस्त्यांची गणना झाली, तेव्हां एकवीस लाखांहून अधिक मैलांपैकीं खडी वा तत्सम कांहीं घातलेले रस्ते शेंकडा सातच निघाले. बाकीचे मातीचे. त्या मातींत शेतकऱ्यांच्या घोड्यांच्या खटाऱ्यांनीं चाकोऱ्या पाडलेल्या होत्या. म्हणजे मिशिगन वा कॅन्सस येथील शेतकऱ्याची अडचण आणि साकोलीच्या मालगुजाराची अडचण एकाच मातीची होती.

हेन्री फोर्ड हा स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या कारखान्यानें १ ऑक्टोबर १९०८ रोजीं ‘मॉडेल टी’ ही गाडी लोकांपुढें आणली, ती या मातीकडे पाहूनच. चार सिलिंडरांचें, २.९ लिटरचें, वीस अश्वशक्तीचें इंजिन. चारही सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यांत, आणि वरचें झाकण चार पेंच सोडावे तसें सोडवून बाजूला ठेवतां येणारें. त्यामुळें आंतील काजळी खरवडणें हें घरच्या माणसाच्याही आवांक्यांतलें काम झालें. आंस व सांगाड्याचे महत्त्वाचे भाग व्हॅनेडियमयुक्त पोलादाचे, म्हणून वजनास कमी पण वांकण्यास चिवट. कमानी दोनच: पुढच्या आंसावर एक आडवी, मागच्या आंसावर एक आडवी. एक चाक खड्ड्यांत व दुसरें उंचवट्यावर गेलें तरी गाडीचा सांगाडा पिळवटत नसे. सारी गाडी लवचीक होती, आणि तिची ताकद त्या लवचिकपणांत होती. पाण्याला पंप नाहीं. तापलेलें पाणी वर चढतें व निवालेलें खालीं येतें, एवढ्या निसर्गनियमावर इंजिन थंड राही. पेट्रोललाही पंप नाहीं. टांकी पुढच्या बैठकीखालीं, आणि तेथून पेट्रोल उताराने इंजिनाकडे वाहे. टांकींत पेट्रोल थोडें असतां मोठा चढ लागला तर प्रवाह थांबे. मग गाडी फिरवून उलट्या गिअरनें, पाठमोरीच चढवावयाची. हें ऐकून आज हंसूं येतें, पण त्या काळच्या चालकांना तो रोजचा रिवाज होता.

चालविण्याची रीतही आजच्या माणसास चक्रावून सोडील अशी. पायाखालीं तीन पेडलें. डावें पूर्ण दाबलें कीं संथ चाल, सोडलें कीं वेगाची चाल, अर्ध्यावर धरलें कीं गाडी मोकळी. मधलें पेडल मागें जाण्याचें. ब्रेक उजवें. वेग वाढविण्याचें काम पायाचें नव्हेच. सुकाणूच्या चाकाखालीं दोन दांड्या असत, एकीनें पेट्रोल व हवा यांचें मिश्रण सोडावयाचें, दुसरीनें ठिणगीची वेळ पुढें-मागें करावयाची. गाडी सुरू करण्यास समोर उभें राहून हँडल मारावें लागे, आणि ठिणगीची दांडी आधीं मागें घ्यावयास विसरलेल्या माणसाचें मनगट तें हँडल उलट फिरून मोडीत असे. अनुभवी माणूस म्हणूनच आंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवून हँडल धरी. १९१२ च्या कॅडिलॅकमध्यें विजेनें सुरू होणारें इंजिन आलें. फोर्डच्या टूरिंगमध्यें ती सोय १९१९ पर्यंत नव्हती.

चाकोरीचा विचार तर कारखान्यानें अक्षरशः केला होता. अमेरिकेंत दोन चाकांमधील अंतर सामान्यतः छप्पन्न इंचांचें. परंतु दक्षिणेकडील राज्यांत खटाऱ्यांच्या चाकोऱ्या साठ इंचांच्या होत्या. फोर्डनें त्या प्रदेशासाठीं कित्येक वर्षें साठ इंचांच्या चालीचीही गाडी विकली, म्हणजे ती खटाऱ्याच्याच वाटेनें जावी. आमच्याकडे चाकोरी गांवोगांवच्या सुताराच्या मापाची. तीस परदेशी मापाची मोटार जुळली तर भाग्य. न जुळली तर एक चाक चाकोरींत, दुसरें मधल्या उंचवट्यावर, आणि प्रवासी एकमेकांच्या अंगावर. टूरिंगचीं चाकें मोठीं, तीस इंचांचीं, आणि पोट जमिनीपासून चांगलें उंच. म्हणूनच ती निभावली.

किंमतीची कथा सर्वश्रुत आहे, ती थोडक्यांत पुरे. प्रथम टूरिंग ८५० डॉलरांस मिळे. १९१३ मध्यें हायलंड पार्क येथील कारखान्यांत गाडीचा सांगाडा सरकत ठेवून कामगार जागच्या जागीं उभे करण्याची पद्धत निघाली आणि सांगाडा जुळविण्यास साडेबारा तास लागत त्याऐवजीं दीड तास लागूं लागला. १९२५ पर्यंत टूरिंगची किंमत २९० डॉलरांवर आली. १९२७ च्या मे महिन्यांत ही गाडी बंद झाली, तोंवर दीड कोटींहून अधिक तयार झाल्या होत्या. त्यांतील १९१४ ते १९२५ या काळच्या सर्व गाड्या काळ्या रंगाच्या.

याहून महत्त्वाची, पण फारशी ध्यानांत न येणारी गोष्ट दुसरीच आहे. हिंदुस्थानांत फोर्डच्या ज्या गाड्या आल्या त्या बहुधा अमेरिकेंत बनलेल्या नव्हत्याच. डेट्रॉइट शहरासमोर नदी ओलांडली कीं कॅनडा लागतो. तेथें वॉकरव्हिल गांवीं १९०४ सालीं फोर्डची स्वतंत्र कॅनेडियन कंपनी निघाली, आणि खुद्द ब्रिटनखेरीज ब्रिटिश साम्राज्यांतील मुलखांत गाड्या पुरविण्याचा हक्क तिला मिळाला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि हिंदुस्थान यांचीं फोर्डें या गांवचीं. १९२६ मध्यें हिंदुस्थानांत जी फोर्ड कंपनी स्थापन झाली, तीही या कॅनेडियन कंपनीचीच शाखा. तेव्हां ‘अमेरिकन मोटार’ म्हणून जिचें कौतुक झालें, ती आराखड्यानें अमेरिकन आणि जन्मानें कॅनडाची होती.

हा फरक केवळ जन्मपत्रिकेचा नव्हता. तो गाडीच्या अंगावर दिसतो. अमेरिकेंतील टूरिंगमध्यें चालकाच्या बाजूस, म्हणजे पुढें डावीकडे, दार नसे. पत्र्यावर दाराची नुसती आकृति उठविलेली असे, आणि चालकानें उजवीकडून चढून सरकत आपल्या जागीं जावें अशी योजना होती. कॅनडाच्या कारखान्यास मात्र सुकाणू उजवीकडे असलेल्या गाड्याही बनवाव्या लागत, म्हणून तेथील टूरिंगला पुढें दोन्ही बाजूंस खरीं दारें असत. इंजिनाच्या क्रमांकाआधीं ‘सी’ हें अक्षर असे. आणि लांकडी सांगाड्यांतील स्क्रू पाहिले तर त्यांच्या माथ्यावर नेहमींची आडवी खांच नसून चौकोनी भोंक असे. हे स्क्रू पीटर रॉबर्टसन नांवाच्या कॅनेडियन माणसाचे. त्याचा कारखाना १९०८ पासून ऑंटॅरिओ प्रांतांतील मिल्टन येथें होता. हत्यार चौकोनांत घट्ट बसतें, निसटत नाहीं, म्हणून कॅनडाच्या फोर्डला ते पसंत पडले. चौकोनी भोंकाचा एक क्षुद्र स्क्रू. पण गाडी कोठली याची साक्ष तो कोणत्याही कागदाहून अधिक विश्वासानें देतो. पुढें जीर्णोद्धाराचा विषय येईल तेव्हां या स्क्रूची आठवण ठेवावी लागेल.

मोटार आली तरी ती घरोघर आली असें नव्हे. ज्यांस घोडा व गाडी पोसणें परवडे त्यांसच ती परवडे: मालगुजार, वकील, डॉक्टर, खाणींचे अधिकारी. पेट्रोल डब्यांतून येई आणि कपड्यानें गाळून टांकींत ओतावें लागे. दिवे आधीं रॉकेलचे व कार्बाइडचे. १९१५ पासून फोर्डचे पुढचे दिवे विजेचे झाले, पण ती वीज इंजिनाच्याच चुंबकचक्रांतून येई. इंजिन जोरांत तर उजेड जोरांत. इंजिन मंदावलें कीं दिवाही मिणमिणा. म्हणजे अंधारांत जेथें खड्डा चुकवीत सावकाश जावें, नेमका तेथेंच उजेड कमी. पावसाळ्यांत नदीनाल्यांपुढें मोटारीचें तेज बंडीपेक्षां अधिक नव्हतें. वैनगंगेवर कारध्याचा ब्रिटिश अमदानींतला ठेंगणा पूल आहे. तो पुराच्या पाण्याखालीं गेला कीं वाट अडते, हें भंडारेकरांस सांगावयास नको.

रस्त्यांची दशा सुधारण्याचा सरकारी विचार मोटारीमुळेंच सुरू झाला, आणि त्यांत दोन गोष्टी मराठी वाचकास जवळच्या आहेत. १९२७ सालीं नेमलेल्या रस्ते सुधारणा समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. त्यांच्या शिफारशीवरून १९२९ मध्यें पेट्रोलवर गॅलनमागें दोन आणे जादा कर बसला आणि त्यांतून मध्यवर्ती रस्ता निधि उभा राहिला. मोटारवाल्यानें जाळलेल्या पेट्रोलांतून मोटारीचा रस्ता व्हावा, अशी ती व्यवस्था. दुसरी गोष्ट १९४३ ची. त्या वर्षीं प्रांतोप्रांतींचे मुख्य इंजिनिअर नागपूरास जमले आणि देशांतील रस्त्यांची पहिली वीस वर्षांची योजना त्यांनीं आंखली. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे व गांवचे अशी रस्त्यांची प्रतवारी तेथेंच ठरली. ग्रेट ईस्टर्न रोड पुढें राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला, व आतां तो ५३ या क्रमांकानें ओळखला जातो.

मधल्या काळांत टूरिंग गाडी मुंबईंतही जुळविली जाऊं लागली. जनरल मोटर्स कंपनीनें शिवडीस कारखाना काढला आणि डिसेंबर १९२८ मध्यें पहिली शेव्हरोले तेथून बाहेर पडली. ही गोष्ट विलक्षण आहे, ती अशी कीं, टूरिंगचा जमाना अमेरिकेंत तोंवर संपत आला होता. १९१९ सालीं तेथें दर दहा मोटारींत नऊ उघड्या असत. दहा वर्षांनीं दहांत नऊ बंद झाल्या. थंडीच्या देशांतील लोकांस कांचेच्या खिडक्या परवडूं लागतांच त्यांनीं कापडी टपाचा त्याग केला. आपल्याकडे ऊन, धुळीची संवय व कमी किंमत यांमुळें टूरिंगला आणखी कांहीं वर्षें आयुष्य लाभलें. शिवडीचा कारखाना आणि फोर्डचे येथील व्यवहार हे दोन्ही १९५४ च्या सुमारास बंद झाले, कारण केवळ सुटे भाग जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांस वाव न देण्याचें धोरण सरकारनें स्वीकारलें होतें.

कारखाना गेला, विक्रेता गेला, सुटे भाग येईनासे झाले. गाडी मात्र राहिली. येथून पुढें तिचें आयुष्य मिस्त्रीच्या हातांत गेलें. मॉडेल टीच्या इंजिनांतील बेअरिंगें पांढऱ्या मऊ धातूचीं असत. झिजलीं कीं जुना धातु वितळवून काढावा, नवा ओतावा, मग हातानें खरवडून दांड्याशीं बेमालूम जुळवावा. हें काम ज्यास भट्टी व धीर आहे अशा कोणासही जमण्याजोगें होतें. चाकांचे आरे मुळांत हिकरी नांवाच्या अमेरिकन लांकडाचे; आरा मोडला तर बंडीचीं चाकें करणाऱ्या सुताराकडे बाभूळ होतें, तिवस होता. टपाचें कापड फाटलें तर बाजारांत ताडपत्री होती. गाडी थकली कीं मागचा बांक काढून माल वाहण्याचा सांटा बसवीत, किंवा सारा सांगाडा उतरवून लांकडी खोक्याची लॉरी करीत. मालकाच्या दिवाणखान्याशीं शोभणारी मोटार अशा रीतीनें बाजाराच्या कामास लागे, आणि शेवटीं इंजिन तेवढें निघून एखाद्या पंपास वा चक्कीस जोडलें जाई.

भंडाऱ्याच्या दृष्टीनें यांतील पितळेची गोष्ट विशेष आहे. १९१६ पर्यंतच्या फोर्डला पुढें चकचकीत पितळेचा रेडिएटर असे. सर्वांत जुन्या गाड्यांचे दिवेही पितळी. पुढें बाहेरचें कवच काळ्या पोलादाचें झालें, तरी आंतील नळ्या-पापुद्रे तांब्या-पितळेचेच राहिले, आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनीं त्यांचा सांधा उले. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांबद्दल प्रसिद्ध. गांवाच्या नांवाचा संबंधही लोक ‘भाणा’ या पितळी भांडेवाचक शब्दाशीं लावतात. पत्रा ठोकणें, कड वळविणें, डाक लावणें, ही विद्या ज्या गांवीं पिढीजात आहे त्या गांवास जुन्या मोटारीचा चेहरा परका नाहीं. जुन्या गाड्यांच्या जीर्णोद्धारास जें कसब लागतें त्याचा मोठा भाग विलायती शाळेंत शिकावा लागत नाहीं, तो कासारआळींत आहे. इतकेंच कीं मोटारवाले तिकडे क्वचित् वळतात.

आतां जीर्णोद्धाराकडे वळूं. जुन्या मोटारींचा शौक आज मुंबई, पुणें, नागपूर अशा शहरांत रुजला आहे, मिरवणुका निघतात, पारितोषिकें मिळतात. त्यांत बहुतेकांची दृष्टि एकच असते: गाडी कारखान्यांतून निघाली त्या दिवशींसारखी दिसावी. त्यासाठीं अंगावरचा जुना रंग तासून नवा चढवितात, मिस्त्रीनें घडविलेला भाग काढून टाकतात, आणि अमेरिकेंत नव्यानें बनणारे भाग मागवून बसवितात. मॉडेल टीचे असे भाग अजून मुबलक मिळतात, त्यामुळें मोह मोठा. पण अमेरिकन पुस्तकें पाहून अमेरिकन पत्रा मागविणारा मालक कॅनडाच्या टूरिंगला खोटें दार बसवून घेतो आणि खरें दार भंगारांत घालतो. चौकोनी भोंकाचे स्क्रू ‘विजोड’ म्हणून फेंकले जातात. गाडी लखलखते, मात्र ती जी कधींच नव्हती ती झालेली असते. हेमाडपंती देवळाच्या कोरीव दगडास जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं ऑइलपेंट फांसणाऱ्या विश्वस्तांत आणि या मालकांत फरक करणें कठीण आहे.

याच्या उलट वाटेचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतलेंच आहे, आणि तेंही टूरिंग जातीच्या गाडीचें. बफेलो शहरांतील थॉमस कंपनीची ‘थॉमस फ्लायर’ ही साठ अश्वशक्तीची मोटार. किंमत चार हजार डॉलर, म्हणजे फोर्डच्या जवळजवळ पांचपट. १९०८ सालीं न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत, तेंही पश्चिमेकडून पृथ्वीला वळसा घालून, मोटारींची शर्यत ठरली. १२ फेब्रुवारीस सहा गाड्या निघाल्या: तीन फ्रेंच, एक जर्मन, एक इटालियन व ही अमेरिकन. थॉमसबरोबर कंपनीचा यंत्रज्ञ जॉर्ज शुस्टर होता. बर्फांतून, आगगाडीच्या रुळांवरून धक्के खात, अमेरिका भर हिवाळ्यांत मोटारीनें ओलांडण्याचा पहिला मान त्यांनीं मिळविला. पुढें जहाजानें अलास्का, तेथून परत, मग जपान, व्लादिव्होस्टोक, सायबेरियाचा चिखल, मॉस्को, बर्लिन. ३० जुलैस गाडी पॅरिसच्या वेशीपाशीं आली, तों पोलिसानें अडविलें. पुढचे दोन दिवे पाहिजेत, असा कायदा, आणि एक दिवा वाटेंत फुटलेला! शेवटीं एका वाटसरूची दिव्यासकट सायकलच गाडीवर चढवून कायद्याचें समाधान केलें. जर्मन गाडी चार दिवस आधीं पोहोंचली होती, परंतु तिनें कांहीं प्रवास आगगाडीनें केल्याबद्दल दिवसांचा दंड होता व अलास्काच्या फेऱ्याबद्दल थॉमसला सवलत होती. म्हणून विजय थॉमसचा ठरला.

पांच वर्षांत कंपनीचें दिवाळें वाजलें. १९१३ च्या लिलांवांत ही गाडी जुन्या सामानाबरोबर विकली गेली आणि हातोहात फिरत पडून राहिली. १९६४ मध्यें नेव्हाडा राज्यांतील रेनो येथील संग्राहक विल्यम हारा यानें ती घेतली. पण हीच ती गाडी कशावरून? शुस्टर तोंवर हयात होता, नव्वदी ओलांडलेला. त्यास बोलाविलें, तोही आधीं साशंक होता. गाडी सोडवून सांगाडा उघडा केल्यावर मात्र प्रवासांत मोडलेल्या भागांवर केलेल्या डागडुजीच्या खुणा त्याला दिसल्या आणि त्यानें ती ओळखली. कारखान्याची खूण नव्हे, क्रमांक नव्हे, रंग नव्हे. ती गाडी ओळखूं आली ती तिच्या जखमांवरून. हारानेंही मग तिला दुकानांतल्यासारखी नवी केली नाहीं. पॅरिसला ती ज्या स्थितींत पोहोंचली त्या स्थितीस तिला आणून सोडलें. रेनोच्या मोटारसंग्रहालयांत ती आजही तशीच उभी आहे. त्या सांगाड्यावरील जोडकाम आधींच कोणा हौशी माणसानें घासून गुळगुळीत केलें असतें, तर शुस्टरला ओळखण्यास कांहीं उरलें नसतें.

हा विचार आतां नियमांतही उतरला आहे. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ मध्यें ‘ट्युरिन सनद’ स्वीकारली. गाडी रोजच्या वापरांत असतांना तिच्यांत जे बदल झाले तेही तिच्या इतिहासाचा भाग आहेत, ते सरसकट पुसूं नयेत, आणि नवें कांहीं केलें तर तें ओळखूं यावें, हें तिचें सार. भारत सरकारनें २०२१ मध्यें पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यांच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात, गाडीचा सांगाडा, साटा व इंजिन यांत मोठा फेरफार केलेला चालत नाहीं, आणि तिचा धंद्यासाठीं उपयोग करतां येत नाहीं. नियम चांगला आहे. पण ‘मूळ’ म्हणजे कोणतें, वॉकरव्हिलचें कीं भंडाऱ्याचें, हें नियम सांगत नाहीं. तें मालकानें व कारागिरानेंच ठरवावयाचें. येथें थोडें कठोर व्हावें लागेल. ज्या गाडीनें तीन वर्षें कॅनेडियन अवयवांवर व तीस वर्षें आमच्या मिस्त्रींच्या अवयवांवर वाटा तुडविल्या, तिच्यावरून ती तीस वर्षें पुसण्याचा अधिकार पैशानें मिळत नाहीं. अर्थात् जोखमीचें तें बदललेंच पाहिजे: किडलेला आरा, तडकलेला आंस, उललेला ब्रेक. सुकाणूचा सांधा झिजला असतां इतिहास म्हणून तो तसाच ठेवणें हें शहाणपण नव्हे.

कागदांचीही तीच कथा. मध्यप्रांत व वऱ्हाड या नांवानें नोंदलेली भंडाऱ्याची गाडी १९५० मध्यें मध्यप्रदेशची झाली, १९५६ मध्यें द्वैभाषिक मुंबई राज्याची, आणि १९६० मध्यें महाराष्ट्राची. जागची न हलतां तिनें चार सरकारांची नोंद पाहिली. जुनें नोंदणीपुस्तक, कराच्या पावत्या, पेट्रोलचीं बिलें यांची पुडी बहुधा माळ्यावर असते व बहुधा वाळवी तीस आधीं गांठते. गाडीपेक्षां ती पुडी आधीं खालीं उतरवावी.

जाणते कारागीर काम आरंभतात तें हातोड्यानें नव्हे. गाडी जशी मिळाली तशी चहूंबाजूंनीं छायाचित्रें घेतात, पोटाखालचींही. रंगाचा एखादा वीतभर चौकोन, आडबाजूला, न तासतां राखून ठेवतात, म्हणजे खालचे थर पुढच्या माणसास मोजतां येतात. काढलेला भाग निकामी झाला असला तरी फेंकीत नाहींत. कोठून निघाला, कां काढला, हें चिठ्ठीवर लिहून पेटींत गाडीबरोबर ठेवतात. तळफळ्या उचलल्या कीं स्क्रू निघतात. एका ओळींत चौकोनी भोंकाचे, दुसऱ्या ओळींत आडव्या खांचेचे. पहिले वॉकरव्हिलहून आलेले, दुसरे मागाहून येथल्या बाजारांत कोणी तरी घेतलेले. एका पुठ्ठ्यावर तळफळीचा नकाशा काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागीं टोंचून ठेवतात, आणि काम झाल्यावर ज्याच्या त्याच्या भोंकांत परत बसवितात.